आषाढातली मंगळागौर

७ जून १९९८, रविवार
पुन्हा तेच. आमटी निवली, पोळ्या निवल्या आणि हे "एक मिनिट" म्हणत काँप्युटरसमोर. लोक म्हणतात, रिटायर झाले, आता घरात असतील. कुठे असतात? पाठ दिसते नुसती.
नवीन खूळ म्हणजे पंचांगाची फ्लॉपी. पुण्याहून दरवर्षी पोस्टाने येतं ते पंचांग यंदा मागवलंच नाही. का, तर काँप्युटर सगळं सांगतो.
निरूची यंदा पहिली मंगळागौर. ती माहेरी, इथे काशीतच करायची, हे मी लग्नाच्या मांडवातच विहीणबाईंकडून कबूल करून घेतलंय. यांनी टकटक केलं आणि म्हणाले, "श्रावणातला पहिला मंगळवार चौदा जुलै." लगेच जबलपूरला कळवलं. विहीणबाई म्हणाल्या, दोन दिवसांसाठी पाठवते. दोन दिवसांत काय, बॅग उघडायची आणि भरायची. पण पोर येते आहे. माघात तिचं लग्न झाल्यापासून घर खायला उठलंय मला.

२८ जून, रवि.
मॉडेम नावाची डबी आली. ती फोनच्या तारेला जोडली की इंटरनेट. त्यासाठी लखनौला एसटीडी लागतो, म्हणून रात्री दर उतरले की हे बसतात. आणि दर उतरले की सगळ्या जगाला आम्हाला फोन करायचा असतो. ग्वाल्हेरहून ताईचं कार्ड आलं, "तुमचा फोन आहे की समाधी लावून बसलेला बाबा?"
कॅनडात एक म्हातारा भोपळे पिकवतो, त्याच्याशी यांची ई-मेल चालते. भोपळ्यांबद्दल. जन्मात भाजीच्या पिशवीला हात लावला नाही.
मी म्हटलं, सवत आणली असतीत तरी ती फोन सोडून उठली असती. हसले. म्हणजे ऐकलं तरी.

११ जुलै, शनि.
गल्लीत सगळीकडे सावन. गंगाजळाच्या कावडी, बोल बम, दूधवालासुद्धा भगव्यात. इकडे माझी शाळेच्या वह्यांची तपासणी आणि मं.गौ.ची तयारी, दोन्ही एकदम. वड्यांची भाजणी दळून आली. ब्रह्माघाट, दुर्गाघाट दोन्हीकडे बोलावणी केली. गुरुजी नाशिकला गेलेत, सोमवारी येतील. यांनी त्यांच्या घरी निरोप ठेवला.
निरू परवा. आज उगाचच दोनदा तिची खोली झाडली.

१३ जुलै, सोम.
सकाळी निरू आली! थोडी वाळली आहे, पण तोंड तेवढंच चालतं. "बाबा, कंप्यूटर को खाना खिलाया कि नहीं?" यांना इतका आनंद की काँप्युटर बंद केला.
दुपारी उद्यासाठी समई काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, दिवे असे काळे कसे? दिव्यांची अवस झाली ना?"
माझे हात पिठातच थांबले. अवस कुठली? गुरुवारीच तर गुरुपौर्णिमा झाली. दिव्यांची अवस झाल्याशिवाय आपला श्रावण लागतो का कधी?
संध्याकाळी गुरुजी आले ते हसतच. "यजमान, आषाढात मंगळागौर? यंत्राची असेल, आपली नाही." फ्लॉपीत इथल्या लोकांचा सावन आहे, पौर्णिमा संपली की लागणारा. आपला अवस सरल्यावर. आपला पहिला मंगळवार अठ्ठावीसला.
आम्हाला हे ठाऊक नव्हतं? जन्म काशीत गेला. पण डोकं त्या पेटीकडे गहाण टाकलं की असंच.
निरू म्हणते, सासूबाईंना शंका आली होती. कितीदा फोन लावला म्हणे. एंगेज.
मी यांच्याकडे पाहिलं. हे मॉडेमकडे.

१४ जुलै, मंगळ
सगळीकडे निरोप धाडले, तरी दुर्गाघाटच्या चौघी नऊवारी नेसून हजर. परत कशा पाठवायच्या? वडे होतेच. खाऊन, थोडा झिम्मा खेळून गेल्या. देवीविना झिम्मा, आजवर कुणी खेळलं नसेल.
रात्री निरू माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. गुरुवारी सकाळी गाडी. म्हणाली, "आई, खरी मं.गौ. मग तिकडेच करू का गं?" पहिली इथे व्हावी, एवढंच मागितलं होतं मी.

१५ जुलै, बुध.
यांनी दुपारी समीरच्या ऑफिसात फोन केला. जावई गुणाचा. म्हणाला, राहू दे की अठ्ठावीसपर्यंत, फक्त आईची परवानगी घ्या, ती आज रात्री दर उतरले की फोन करेल.
विहीणबाई वाईट नाहीत. पण शिस्तीच्या. आधी ठरलं ते ठरलं, असं म्हणायच्या आणि पोर उद्या गाडीत बसायची.
जेवणं झाली. फोन वाजायची वेळ झाली. मी ताक प्यायले आणि म्हणाले,
"अहो, लावा ना तुमचं इंटरनेट."
यांना ठसका लागला. निरूने पाठ थोपटली. मग तिघेही त्या पेटीची खरखर ऐकत बसलो. काय गोड वाटली मला!

१६ जुलै, गुरु.
जावई राहू दे म्हणाला, मग विहीणबाईंना न विचारता कशी पाठवायची, आणि विचारायला फोन तर लागत नाही. हे तिकीट बदलायला स्टेशनवर गेले. जुनं रद्द झालं आणि नवं काढणार तोच खिडकीवरच्या बाबूने हात वर केले. "लिंक फेल." त्यांचाही काँप्युटर बसला. परतीचं तिकीट नाही. मला काडीचं दुःख झालं नाही.

१९ जुलै, रवि.
निरू आणि मी रोज मंगळा गौरीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. दुपारी ती मला काँप्युटरवरचे पत्ते शिकवते. आज डाव लागता लागता राहिला आणि दूध उतू गेलं. यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.
रात्री ऐन वेळी लाइट गेली. इंटरनेट तुटलं आणि फोन वाजायला लागला. अंधारात तिघेही बघत बसलो. "उचलू?" निरू. "गॅसवाला असेल," हे म्हणाले. रात्री गॅसवाला! वाजून वाजून थांबला. मग मला हसू आवरेना.

२३ जुलै, गुरु.
दिव्यांची अवस. आता खरी. निरूने चिंच लावून एकूण एक दिवे घासले, पाटावर मांडले, रांगोळी घातली. यांनी विचारलं, काँप्युटरलाही लाइटच लागते, त्याला हळदकुंकू लावलं तर? निरूने लावलं.

२७ जुलै, सोम.
दार वाजलं. उघडते तर विहीणबाई. हातात बॅग, मागे हमाल, गल्लीच्या चिखलाने पाय भरलेले.
"जिवंत आहात ना सगळे? बारा दिवस फोन लावते आहे मी!"
निरू पाया पडली. मी खरं तेच सांगितलं, की पोरीला सोडवत नव्हतं, म्हणून फोन अडवला. विहीणबाईंनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, ही आजारी पडली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही." डोळे पुसले. निरूला जवळ घेतलं. मला म्हणाल्या, "विचारायचंत तरी. मी काय नाही म्हणणार होते?"
मला वाटलं होतं, हो. लाज वाटली, बरंही वाटलं.

२८ जुलै, मंगळ
मंगळागौर! गुरुजींनी झोकात पूजा सांगितली. नागपंचमीही आजच, तवा-विळी बंद, म्हणून पुरणाची दिंडं. विहीणबाईंनी फुगडीत मला दमवलं. पिंगा घालताना निरू हसली ते हसू लग्नाआधीचं होतं. भरून पावले.

३० जुलै, गुरु.
हे कॅनडाच्या म्हाताऱ्याला मं.गौ.ची हकिकत लिहीत होते. विहीणबाई मागे उभ्या. "भोपळे पिकवतो आणि घारगे माहीत नाहीत त्याला?" खुर्ची ओढून बसल्याच. त्या सांगतात, हे इंग्रजीत टाइप करतात. गुळाला काय म्हणायचं यावर वाद. समीर आज फोन करणार होता म्हणे. लागणार कसा?
तिकिटाचा विषय मी काढला नाही. निरूने काढला, तर विहीणबाई म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याचे घारगे कसे झाले ते कळल्याशिवाय कसं निघायचं?
पानं वाढली. हाक मारली.
"एक मिनिट," विहीणबाई म्हणाल्या.