सोपा पेपर

भंडारा,
दि. १६ सप्टेंबर २००४

ती. बाबास प्रतिक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी बरी आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही. एमेस्सीला हौसेनं कॉम्बिनेटोरिक्स आणि ऑप्टिमायझेशनचा पेपर घेतला. एखादं काम किती तऱ्हांनी होते आणि त्यातली कमी खर्चाची तऱ्हा कोणती, हे शोधायचं. सरांनी तुमसरच्या राइस मिलींतला तांदूळ गावोगावच्या रेशन दुकानांत पोचवायचं गणित दिलं. रस्ता सापडते, पण त्याहून कमी अंतराचा नाहीच, हे काही केल्या सिद्ध होत नाही. जेवण जात नाही, रडू येऊन राहिलं. याच पेपरासाठी विभागप्रमुखांशी मी भांडली ना, भोगते आता! आईले सांगू नका, नाहीतर लाडवाचा डबा घेऊन होस्टेलवर येईल.

माया आहेच, ती राहू द्या.
प्रतिक्षा

आसगाव,
दि. २७ सप्टेंबर २००४

चि. प्रतिक्षास अ. उ. आ.

धान निसवून राहिला, लोंब्या बाहेर पडल्या. तुझं पत्र वाचून मले घास गिळवला नाही. शुक्रवारी एसटीनं थेट तुझ्या कॉलेजात गेलो. विभागप्रमुखाले सांगतलं का पोरगी या विषयापायी जेवत नाही, तिले सोपा पेपर द्या. मोठा भला माणूस! लगेच कागद काढला, माझी सही घेतली, वरून चहा पाजला. तुले भेटलो नाही, तू नाही-नाही म्हणली असती. आता पोटभर जेवत जा बाई.

तुझा बाबा
हिरालाल

भंडारा,
दि. ४ ऑक्टोबर २००४

ती. बाबास जयभीम.

काय करून बसले बाबा तुम्ही! विभागप्रमुखांना हा पेपर बंदच करायचा होता, म्हणून तर चहा. तुमच्या सहीनं माझं नाव निघालं, पोरं कमी पडली, पेपर गेला. मैत्रिणी मले बोलून राहिल्या. पुढं पीएचडीला मले हाच विषय पायजे होता. आवडते म्हणून तर चिडली होती मी! तुम्ही येऊन गेले त्याच दिवशी ते तांदळाचं गणित सुटलं. तुम्हालेच कळवणार होती.

सर परीक्षेविना रविवारी शिकवायले तयार आहेत, म्हणून रविवारी गावी येणं नाही. आणि यापुढं काही अवघड गेलं तर तुम्हाले लिहिणार नाही. सगळं ठीक आहे, एवढंच लिहीन.

प्रतिक्षा

आसगाव,
दि. ११ ऑक्टोबर २००४

चि. प्रतिक्षास आशीर्वाद.

पुन्हा कॉलेजात गेलो होतो. साहेबानं बसासुद्धा म्हटलं नाही. हात जोडले, माझी चूक झाली म्हटलं, तर म्हणे यादी विद्यापीठात गेली. घरी येऊन तुझ्या आईचं ऐकलं ते वेगळंच.

रविवारी शीक, येऊ नको. राग ठेव, तुझा हक्क आहे. पण सगळं ठीक आहे असं पत्र धाडू नको माय, मले ते वाचवणार नाही. रडू आलं तर रडू आलं असंच लिही. मी वाचीन, आन् घरीच बसून राहीन.

तुझा बाबा
हिरालाल