स्टेज टूचे पैसे अंकुरच्या वाट्यातून कापू नयेत

गेल्या मार्च महिन्यात माझ्या घरी कुरिअरने आलेले सामान असे. सायलेन्सर एक नग, काळा, रुपये अठरा हजार पाचशे. हवेची जाळी, जिला अंकुर फिल्टर म्हणतो, चार हजार आठशे. गाडी पडल्यास गाडीला लागू नये म्हणून दोन्ही अंगांना बसवायचे गुटके, जोडी, तीन हजार दोनशे. (गाडी पडल्यास अंकुरला लागू नये म्हणून काय आणले, असे विचारले असता हेल्मेट आधीचेच आहे असे समजले.) ब्रेक व क्लचचे दांडे, लाल, दोन हजार चारशे; आधीचे दांडे शाबूत होते. टाकीवर चिकटवायचा रबरी तुकडा, सहाशे पन्नास. याशिवाय गाडीचा मेंदू म्हणून एक डबी असते, ती काढून नागपूरच्या एका मुलाकडे पाठवली, त्याने लॅपटॉप लावून ती बदलून परत पाठवली, त्याचे बावीस हजार. एकूण एक्कावन्न हजार पाचशे पन्नास. दिलेल्या साठ हजारांतले उरलेले आठ हजार चारशे पन्नास अंकुरने स्वतः आणून माझ्या हातावर ठेवले. ते देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहेत.

हे पैसे मी दिले. मोटरसायकलसाठी दिले नव्हते, पण मीच दिले.

ही यादी फोनवर ऐकून माझा मुलगा अमोल मला म्हणाला, "आई, तुयं डोकं ठिकानावर नाई." म्हणून इतर लोक मृत्युपत्रात जे रीत म्हणून लिहितात, ते मी मुद्दाम लिहिते.

मी, श्रीमती विमल केशवराव काळमेघ, वय सदुसष्ट, शिक्षण मॅट्रिक (पहिल्याच खेपेला पास), धंदा घरकाम, राहणार साईनगर, अमरावती, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही भरीला न पडता, अंबादेवीला स्मरून, पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर बोंडे यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात कमी करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेले. डॉक्टर एकोणऐंशीलाच पुरे म्हणाले होते, पण हिशेब अर्धा सोडायची मला सवय नाही.

मला एकच मुलगा, अमोल. तो अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. सून रागिणी. नातू अंकुर, वय चोवीस, नांदगाव पेठला एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि माझ्याजवळ राहतो. गेल्या दसऱ्याला त्याने स्वतःच्या पगारावर, हप्त्याने, निळी स्पोर्ट मोटरसायकल घेतली. अमोलचे म्हणणे होते की पोराने स्पर्धा परीक्षेला बसावे. तो म्हणाला, आधी गाडी वीक, मग अकोल्याच्या घरात पाय ठेव. अंकुरने गाडी विकली नाही आणि पाय ठेवला नाही.

कलम पहिले. साठ हजारांबाबत.

फेब्रुवारीत एके सकाळी मी ओसरीत तांदूळ निवडत होते. अंकुर फाटकाशी उभा राहून मित्राशी फोनवर बोलत होता. "स्टेज वन झालं बे. आता स्टेज टू करा लागते. पन पैसा लय लागून राहिला. घरी नको सांगू, आजी घाबरते."

आमच्याकडे त्या रोगाचे नाव घरात घेत नाहीत. नाव घेतले की त्याला पाट मांडल्यासारखे होते. माझ्या सासूबाई त्यातच गेल्या, तरी शेवटपर्यंत सगळे "ते" असेच म्हणत. आता लोक "ते" म्हणत नाहीत, स्टेज म्हणतात. अमक्याला पहिली स्टेज, तमक्याला तिसरी. स्टेज हा शब्द मी दुसऱ्या कशाबद्दल ऐकलेला नव्हता, नाटकाचे सोडून, आणि अंकुर नाटकात नाही.

मी तांदूळ तसेच ठेवून बँकेत गेले आणि माझ्या दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेली साठ हजारांची मुदत ठेव मोडली. मुदतीआधी मोडली म्हणून बँकेने व्याज कापले. नियमाप्रमाणे कापले, पण माझ्या मनातून ते गेलेले नाही. संध्याकाळी पैसे अंकुरच्या हातात दिले. तेव्हाचे बोलणे जसेच्या तसे लिहिते, कारण सगळे त्यावरच आहे.

मी म्हटले, "मले सगळं माहीत हाय. स्टेज टूचं करून घे."

तो पाहतच राहिला. "तुले कोनं सांगितलं आजी?"

"कोनी नाई. लवकर कर. उशीर केला का पसरते."

"काय पसरते?"

"तू नाव नको घेऊ त्याचं. नागपूरले करतात ना?"

"हो. तिथं एक पोरगा हाय, लय हुशार. लॅपटॉप लावून करते."

"पोरगा? मोठा डॉक्टर नाई?"

"त्याले सगळे डॉक्टरच म्हनतात."

"मंग जाशील कदी?"

"जा नाई लागत. कुरिअरनं पाठवतो."

मला वाटले, तपासणीचा तुकडा पाठवतात तसे असेल. "दुखते का रे?" मी विचारले.

"थोडंसं गरम होते सुरुवातीले. मंग काईच नाई."

"आन केस?"

"हेल्मेट घालतो ना मी," अंकुर म्हणाला. मग तो माझ्या पाया पडला. डोळे भरून आले होते त्याचे. म्हणाला, "घरात तूच एक मले समजून घेते."

यात खोटा शब्द कोणता, तो वाचणाऱ्याने दाखवावा. मला सापडला नाही.

त्यानंतर खोके यायला लागले. दुसऱ्याच्या नावाचा खोका मी उघडत नाही, औषधाचा तर नाहीच. प्रत्येक खोका देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले. मंगळवार धरले. अंबादेवीला बोलले की पोरगा धडधाकट राहू दे, अनवाणी येऊन तुझी ओटी भरीन. एका शनिवारी अंकुर म्हणाला, "सगळं आलं आजी. उद्या सकाळी बसवतो." काय बसवणार आणि कुठे, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी अमोलला फोन लावला. नाव घेतले नाही. "अंकुरले स्टेज टू हाय" एवढेच म्हटले.

रविवारी सकाळी अमोल आणि रागिणी भाड्याच्या गाडीने आले. वाटेत मूर्तिजापूरला चहालासुद्धा थांबले नाहीत. अंकुर अंगणात गाडीशी बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. अमोलने त्याला उठवून पोटाशी धरले. पांढऱ्या शर्टाचे त्याने काही पाहिले नाही. अमोल रडत होता म्हणून अंकुर रडला. मग रागिणी रडली आणि मी रडले. अमोल म्हणाला, "राहू दे तुयी गाडी. मी काई म्हनत नाई. तू फक्त राह्य." अंकुर डोळे पुसत म्हणाला, "मंग आवाज ऐकता का पप्पा?" आणि त्याने बटण दाबले.

माझ्या वाळत घातलेल्या मुगवड्या ताटात जागच्या जागी नाचल्या. शेजारचे शालिकरामभाऊ इंगोले बनियनवर बाहेर आले.

"हे काय होय?" अमोलने विचारले.

"स्टेज टू," अंकुर म्हणाला.

उलगडा व्हायला चहा उकळतो तेवढाच वेळ लागला: गाडीचा जोर वाढवायच्या कामालाही पायऱ्या असतात, आणि त्यांनाही स्टेजच म्हणतात. अमोल हसेल असे मला वाटले होते. शालिकरामभाऊ हसले. अमोल म्हणाला, "बुढीले फसवून तिच्या दुखन्याचा पैसा काढला तू. आजपासून तू माया कोनी नाई." मग तो जाऊन गाडीत बसला. रागिणीने काचेतून हात केला. त्याने केला नाही. त्यानंतर त्याचे एकच पालुपद आहे, की ते साठ हजार माझ्यामागे अंकुरच्या वाट्यातून व्याजासह कापणार.

तर मी स्पष्ट लिहिते की ते कापू नयेत. पैसे मी रोगासाठी काढले होते. रोग निघाला नाही, सायलेन्सर निघाला. देवीने रोगाचा सायलेन्सर करून दिला, असे माझे मत आहे. ज्यांच्या घरी खरे स्टेज टू येऊन गेले त्यांना विचारावे, एक्कावन्न हजारांत कोणाचे भागले, आणि वर आठ हजार कोणाला परत मिळाले? नवस मी फेडला. पुजारी म्हणाले, रोगच नव्हता तर नवस लागू होत नाही. मी म्हटले, पोरगा धडधाकट आहे ना? मग लागू आहे.

कलम दुसरे. साईनगरचे दोन खोल्या व ओसरीचे घर अमोलला द्यावे. ओसरीतली फाटकाकडची जागा मोटरसायकल लावण्यासाठी अंकुरची राहील. गाडी बदलली तरी जागा तीच. अमोलने तिथे कुंड्या ठेवू नयेत. पोस्टातली रक्कम दोघांना अर्धी अर्धी.

कलम तिसरे. पाटल्या आणि पोत रागिणीला. तिने मला कधी उलट उत्तर दिले नाही. मनात दिली असतील, त्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही. शेवयांचे यंत्रही तिलाच. ती शेवया विकत आणते हे मला ठाऊक आहे, पण सासूचे यंत्र भंगारात घालणे तिला जमणार नाही.

कलम चौथे. माझ्या नणंद मैनाबाई, राहणार पातूर, यांनी त्यांच्या मुलाच्या लग्नात माझा पाण्याचा पितळी गुंड नेला. मुलाला आता जावई आला, गुंड आला नाही. त्याचे झाकण माझ्याकडे आहे. ते त्यांना पोचते करावे, म्हणजे त्यांचा गुंड पुरा होईल.

कलम पाचवे. लोखंडी ट्रंकेतले सामान, म्हणजे दोन घागरमाळा, पितळी शिंगोट्या आणि आरशांच्या दोन झुली, अमोलला. हे माझ्या यजमानांचे, कै. केशवरावांचे. त्यांची शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारी जोडी होती. त्या काळात आमच्या घरात तूप बैल खात आणि माणसे वास घेत. झुलींना आरसे लावून आणले त्या दिवशी मी त्यांना विचारले, "यानं बैल जास्त पयते का?" ते म्हणाले, "पयत नाई. पन त्याले वाटते." परवा मी अंकुरला विचारले, लाल दांड्यांनी गाडी जास्त पळते का. तो म्हणाला, "नाई आजी. पन वाटते." आजा गेला तेव्हा हा पोरगा जन्मलेला नव्हता. आणि अमोल, दहा वर्षांचा असताना पोळ्याला त्या जोडीची वेसण धरून तू गावातून कसा चाललास, ते मी पाहिले आहे. छाती अशी काढली होतीस की सदऱ्याचे बटण तुटले. ते मी लावले. ट्रंक उघडून झूल हातात घ्यावी, आणि मग दांड्यांबद्दल जे बोलायचे ते बोलावे.

कलम सहावे. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक अमोल आणि अंकुर, दोघे मिळून. एकाची सही चालणार नाही. दोघांनी एकाच वेळी, एकाच टेबलाशी बसून सह्या कराव्यात. मध्ये रागिणीला बसवून निरोप देऊ-घेऊ नयेत.

कलम सातवे. माझ्या अस्थी कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडाव्यात. त्या अंकुरच्या मोटरसायकलवरून न्याव्यात. अंकुरने चालवावी, अमोलने अस्थी घेऊन मागे बसावे. नवस फेडून येताना मी त्या सीटवर बसून आले आहे. ती उंच आहे, पाटीएवढी आहे, आणि धरायला कडी नाही. पुढच्या माणसाच्या कमरेला धरले नाही तर मागचा पडतो. अमोलने धरावे. दोघांनाही हेल्मेट.

आठवे कलम नाही. माझ्या तेराव्याला जिलेबी करू नये, महाग पडते. बुंदी पुरे.

वरील सर्व मी लिहिले, वाचले आणि मला पटले, म्हणून खाली सही करते.

विमल केशवराव काळमेघ
अमरावती, ११ जुलै २०२५

साक्षीदार:
१) शालिकराम इंगोले, शेजारी. (बाईंनी माझ्यादेखत सही केली. आवाजाबद्दलची माझी तक्रार कायम आहे. मी पोलिसांना फोन केल्यावर हजार रुपये दंड झाला आणि सायलेन्सरात आवाज कमी करायची नळी बसवली गेली, हे खरे. ती पुरेशी नाही.)
२) जानराव तायडे, निवृत्त पोस्टमन.

ता. क.

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

याची एक प्रत जानरावभाऊंच्या हाती रजिस्टरने पाठवत आहे. कलम सहाला तुझी संमती हवी. अंकुरची मिळाली आहे, कागदावर काळा अंगठा उठला तो त्याचाच. सहीसुद्धा खाली आहे. फोन करू नको. फोनवर तू ओरडतोस, मग मी रडते, आणि विचारायचे ते राहून जाते.

कलम सातबद्दल मला लिहिल्यापासून झोप नाही. माझी आई एक्क्याण्णव वर्षांची होऊन गेली. मीही तशीच चिवट निघाले, तर तुम्हाला एका गाडीवर बसायला अजून चोवीस वर्षे लागतील, आणि तोवर तुझे गुडघे त्या सीटवर चढायचे राहणार नाहीत. अंकुरला रविवारी सुट्टी असते. तो म्हणतो, "पप्पाले आवाजाचा तरास होते ना, मंग गल्लीच्या तोंडाशीच बंद करतो अन् घरापर्यंत ढकलत नेतो." गाडीचे वजन पावणेदोनशे किलो आहे. मी विचारून घेतले.

त्याने अकोल्याला यायचे की नाही, तेवढे उलट टपाली कळव.