घाटातला दुसरा गिअर

पाथर्डी, मंगळवार, १४ मार्च १९७२

आमची जीप आज नगरहून दुरुस्त होऊन आली. करंजी घाट उतरताना दुसरा गिअर निसटायचा, म्हणून वर्षभर ह्यांच्या शेजारी बसून गिअरचा दांडा मीच दाबून धरायचे. त्या निमित्तानं का होईना, हे मला प्रत्येक फेरीला बरोबर न्यायचे.

मिस्त्रीनं विचारलं, "भंगारातला आख्खा गिअरबॉक्स बसवू, का हाच खोलून बेअरिंग अन् गिअरची जोडी नवी घालू?" एकच गिअर बदलला तर जुना त्याला खातो म्हणे. ह्यांनी हाच खोलायला लावला. भंगारातला कुणाच्या हाताखाली झिजलाय, कोण जाणे! आतलं तेल काळंकुट्ट निघालं. कधी बदललंच नव्हतं, मग दुसरं काय होणार?

येताना घाटात ह्यांनी दांड्यावरचा हात काढून दाखवला. गिअर जागचा हलला नाही. "बघ, आता पुढं एक सवारी जास्त बसंल," खुशीत म्हणाले. खरंच आहे की. मग माझ्या मनाला का लागलं?

पुढच्या वळणावर माझा हात आपसूक दांड्यावर गेला.

"सोड की आता, धरायची गरज न्हाई."

घाट उतरेपर्यंत मी काही सोडला नाही.