मिठाने मेलेले पाय

बाबा,

आज मी एमबीबीएसनंतरच्या शिक्षणासाठी मेडिसिन घेतलं. सर्जरीची जागा मिळत असताना! घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाहीये, म्हणून तुझ्याशी बोलायला बसले.

काकाने तर उरणभर सांगून ठेवलं होतं, आमची पोर ऑपरेशन करणार. संध्याकाळी कळल्यावर उसळलाच. "गो, नुसत्या गोल्या लिवाला डाक्टर झालीस? ह्याच्यासाठी दादानं मिठागरान जल्म काढला?" तुझं नाव निघालं, मग मीही गप्प बसले नाही. बाबामुळेच घेतलं, म्हटलं.

तुझे पाय! खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून पार निबर झालेले. तापलेल्या बांधावरून तू अनवाणी चालायचास आणि वर फुशारकी, "मिठानं पाय मेले हायत, आता काय कलत न्हाय." आपल्या आळीत हा मानच होता. ज्याचे पाय बधीर, तो पक्का मिठागरवाला. मग काळजी कोण कशाला करणार?

पायाची जखम चिघळली, ती एका डॉक्टरने साफ करून बांधली. धूसर दिसायला लागलं, दुसऱ्याने चष्मा दिला. दोघांनीही आपापलं काम नीटच केलं. सारखी तहान लागायची, ते तर तू कुणाला सांगितलंच नाहीस. का रे? उन्हात राबणाऱ्याला तहान लागायचीच, असंच वाटलं ना?

मग पनवेलच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते मेडिसिनचे. आधी बराच वेळ नुसतं विचारत बसले. मग म्हणाले, "डोळे मिटा. पायाला हात लागला की सांगा." त्यांनी तळव्यावरून कापूस फिरवला, पुन्हा फिरवला. तू डोळे मिटून वाट बघत होतास. "लावा ना सायेब," म्हणालास.

मी शेजारीच उभी होते. पाय, डोळे, तहान, सगळ्यामागे एकच, साखर. तोवर किडन्या गेल्या होत्या. हे सगळं एकत्र विचारणारा माणूस तुला आधी भेटला असता तर? मला तो माणूस व्हायचंय, बाबा.

हेच काकाला सांगत होते. तो ऐकेना, ओटीवर येरझारा घालत राहिला. तोही तुझ्यासारखाच मिठागरात उभा जन्म काढलेला, हट्टी. तेवढ्यात मला लादीवर लाल ठसे दिसले. टाचेत काच घुसली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी त्याला बसवलं, काच काढली. तो आपल्याच पायाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दुखत न्हाय गो."

उद्या सकाळी उपाशीपोटी त्याला रक्त तपासायला नेते. नको म्हणाला तरी नेते. तुझ्या वेळी उशीर झाला, बाबा. त्याला मी इतक्यात तुझ्याकडे येऊ देणार नाही.

तुझी,
सुलभा