मधली चित्रं

सोमवार, ३ फेब्रुवारी

लागले एकदाची कामाला! दोन वर्षं घरी बसून हात गंजला असेल अशी धास्ती होती, पण पेन्सिल धरली आणि जीव भांड्यात पडला. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर आहे, माझं टेबल खिडकीशी. टेबलात खालून उजेड येणारी काच आणि बाजूला हातभर आरसा. त्यात आपलंच तोंड वेडंवाकडं करून बघायचं आणि मग तसंच चित्रातल्या माणसाचं काढायचं. आज दिवसभर मी माकडचेष्टा केल्या आणि कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. इथे सगळेच त्यातले!

काम असं: मास्तर मुख्य चित्रं काढतात. माणूस खुर्चीत बसलेला, हे एक. तोच दारात उभा, हे दुसरं. त्याला खुर्चीतून दारापर्यंत चालवत न्यायची ती वीस-बावीस मधली चित्रं माझी. ती नसली तर माणूस इथून नाहीसा होतो आणि तिथे उगवतो. सगळा जिवंतपणा मधल्या चित्रांत असतो, असं मास्तर म्हणाले. मला फार बरं वाटलं.

आमची कार्टून मालिका जपानी ॲनिमे धाटणीची आहे. एक चिमुकली राजकन्या आणि तिचा रक्षक, एक उंच, मुका जादूगार. राखाडी झगा, लांब हात. स्टुडिओत सगळे त्याला लांबोडे म्हणतात. पहिल्या भागात त्याने राणीला शपथ लिहून दिली आहे: हिच्या डोळ्यांत जो पाणी आणेल तो पुन्हा जागचा हलणार नाही, आणि हिने स्वतः जा म्हटलं तरी मी जाणार नाही. ही दोन्ही पात्रं माझ्याकडे आली आहेत.

शेजारी बसतात त्या रंगबाई, चित्रांत रंग भरणाऱ्या. त्यांनी बसल्या बसल्या बजावलं की राजकन्येचा चेहरा फळीवरच्या लाकडी बाहुलीवरूनच काढायचा, घरातल्या कोणावरून काढायचा नाही. का, म्हणून विचारलं तर ब्रश धुवायला निघून गेल्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

राजकन्या हसते ते दृश्य मास्तरांनी तीनदा परत पाठवलं. बाहुलीवरून काढलेलं हसू बाहुलीचंच येणार, त्याला मी काय करू? काल कागद घेऊन घरी आले.

मुंगी जेवायला बसली होती. माझी लेक, वय वर्षं सहा, समोरचा एक दात पडलेला. खालच्या मजल्यावरच्या आत्या (माझ्या वडिलांची बहीण, मी कामावर असते तेव्हा मुंगीला त्याच सांभाळतात) तिला काहीतरी गंमत सांगत होत्या. मुंगीने मान तिरकी केली, ओठ दाबले आणि फुटलीच. मी तिथेच जेवणाच्या टेबलावर कागद पसरले.

मास्तरांनी आज पहिल्या नजरेत पास केलं. आता पोरीत जीव आला, म्हणाले. रंगबाईंना मी काही सांगितलं नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. फक्त हसू हवं म्हणून मी ते केलं नाही. तिचे बाबा गेल्यापासून मला सारखं वाटतं, मला काही झालं तर हिला कोण? लांबोड्यांच्या झग्याआड मुंगीचा चेहरा काढताना मला कधी नव्हे इतकं निर्धास्त वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मुंगी म्हणाली, लांबोडेकाका चपलांच्या कपाटाशी उभे असतात. माझी चित्रं बघून पोरीच्या डोक्यात तेच भरलंय. उभं राहून पाय दुखत असतील, त्यांना स्टूल दे म्हणाली. दिलं!

कामावर मात्र एक विचित्र गोष्ट झाली. दृश्यात लांबोडे महालाच्या दाराकडे बघत असतात. मी कागद बोटांत धरून भरभर उलटून पाहिले, तर चौदाव्या चित्रात ते कागदाबाहेर बघत होते. माझ्याकडे. खोडून नीट काढलं. जेवून आले तर पुन्हा तसंच. नजर थकली असेल माझी. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज शाळेतून अर्ध्या दिवसातच बोलावणं आलं. गाण्याच्या बाईंनी मुंगीला सूर चुकला म्हणून रागावून उभं केलं होतं. ती रडली. दहा मिनिटांनी बाईंना काहीतरी झालं. अँब्युलन्समध्ये घालताना मी त्यांना पाहिलं. डोळे उघडे, श्वास चालू, उजवा हात ताल धरल्यासारखा वर, आणि तो कोणाला खाली करता येईना.

मुंगीने वाटेत सांगितलं की बाई खुर्चीत होत्या आणि मग एकदम दारात होत्या. मध्ये चालल्याच नाहीत. मग फळ्याशी होत्या, मग थांबल्या. स्टॅच्यू खेळत होत्या, म्हणाली.

हे तिला सुचणारं नाही. हे माझ्या कामातलं आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

रंगबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, ब्रश खाली ठेवून सांगू लागल्या. माझ्या टेबलावर आधी जो चित्रकार बसायचा, त्याने आपल्या धाकट्या बहिणीवरून राजकन्या काढली होती. बहिणीला दुखावणारी तीन माणसं जागच्या जागी थिजली. मग तो ती चित्रं खोडायला बसला. ते बघून बहीण रडली. तो रबर हातात धरूनच सापडला. अजून तसाच आहे.

मी विचारलं, मग लांबोडे थांबले कधी? रंगबाईंना ठाऊक नाही. बहीण मोठी झाली, फारशी रडत नाही म्हणे.

घरी येऊन मुंगीकडून लांबोड्यांना सांगवलं, काका, आता तुम्ही जा. गोड आवाजात बोलली. मला कपाटाशी काही दिसलं नाही. मुंगी म्हणाली, त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मान हलवली. नाही म्हणून.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आत्या गेल्या. गेल्या म्हणजे — आहेत. दवाखान्यात आहेत. चमचा अजून बोटांत आहे.

मुंगीला कालपासून ताप. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध कडूजहर. मी घरी पोचायच्या आत आत्यांनी नाक दाबून पाजलं. ती रडली, आणि सगळं औषध ओकून टाकलं. मी दार उघडलं तेव्हा आत्या स्वयंपाकघरात होत्या. मग पलंगाशी होत्या. मग माझ्या अगदी समोर, तोंड उघडं, मला काही सांगायचं होतं त्यांना. मध्ये एकही पाऊल नाही.

मुंगी टाळ्या वाजवत होती. आत्याआजी स्टॅच्यू झाली!

मी भ्याले आहे. इतकी कधी भ्याले नव्हते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. सकाळ

ताप एकशे चार. औषध साखरेत दिलं, मधात दिलं, गोष्टीत गुंतवून दिलं. तोंड मिटून घेते. डोळे भरून आले की मी चमचा खाली ठेवते. आता लांबोडे मलाही दिसतात. कपाटाशी नाही, पलंगाच्या उशाशी. स्टूल रिकामं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतात दवाखान्यात आणा, सुई देऊ. तिथे किती माणसं असतील. ती रडेल आणि —

औषध नाही दिलं तर ती जाईल. हे लांबोड्यांना कळत नाही. त्यांना फक्त पाणी दिसतं डोळ्यांतलं. असला कसला रक्षक! मी मागितला होता. मीच.

दुपार

सुचलं. सकाळीच का नाही सुचलं?

डोळ्यांत जो पाणी आणेल तो. शपथेत दुसरं काही नाही. मी थिजले आणि त्यामुळे मुंगी रडली, तर तिला रडवलं कोणी? लांबोड्यांनीच. मग शपथ त्यांच्यावरच उलटेल. गाण्याच्या बाईंसाठी ती रडली नाही. आत्यांसाठीही नाही, तिला खेळ वाटला. माझ्यासाठी रडेल. आई आहे मी तिची.

रंगबाईंना फोन केला, पाच वाजता या म्हटलं. दार उघडं ठेवलंय. मुंगीला जवळ घेऊन तीनदा सांगितलं की बाळा, आई हलली नाही तर तो खेळ नाही. मोठ्याने रड. हो म्हणाली. डोळे तापाने मिटत होते. ऐकलं असेल ना?

सव्वातीन

पाजलं. सगळं. नाक दाबून, मांडीखाली हात धरून. गिळलं तिने. ओकली नाही. ओकली नाही!

रडते आहे. माझ्याकडे बघून रडते आहे.

पलंगासमोर खुर्ची ओढून बसले. तिला मी दिसायला हवी. लिहीत राहते. हात चालतोय तोवर कळेल मला —

ते पलंगाला वळसा घालून येताहेत. चेहऱ्यावर राग नाही. मी काढलाय तो चेहरा, त्यात राग काढलाच नव्हता मी

मी दाराशी. का? खुर्चीत होते. उठले नाही

पुन्हा खुर्चीत. वही मांडीवर. मधलं काही नाही

रंगबाई, पुढचा डोस रात्री नऊला. पण आधी बघा ते आहेत का. असले तर नका

खिडकीशी

खुर्चीत. पाय नाहीत. म्हणजे आहेत, हलत नाहीत. कपाळ ओलं दिसतंय तिचं, घाम आलाय, ताप उतरतोय. देवा, उतरतोय

मुंगी उठून बसली. बघते आहे. बघ बाळा, नीट बघ. हा खेळ ना

मान तिरकी केली तिने

ओठ दाबले —

नको मुंगी. रड. रड गं, हसू न