गोळी बदलून घेतली

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांशी भांडले. भांडले कसली, विचारलं फक्त. पण त्यांना ते भांडणच वाटलं.

पीसीओएसमध्ये बीजकोशातून स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही; ते तयार व्हावं म्हणून तीन महिने क्लोमिफीनच्या गोळ्या घेतेय. बीज काही तयार होत नाही, अंगाची मात्र लाही लाही होते. गेल्या आठवड्यात हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर स्कूटर चालवताना डोळ्यांपुढे ठिणग्या नाचल्या. कशीबशी कडेला थांबले. हे आज सांगितलं, तर डॉक्टर निखिलकडे बघून म्हणाले, "होतं असं. डोस वाढवू."

निखिलकडे का? गोळी नवरा गिळतो का?

मी म्हटलं, "सर, माझ्याकडे बघून सांगा. मला पीसीओएस आहे. मग क्लोमिफीनऐवजी लेट्रोझोलची गोळी का नाही?"

"नेटवर वाचलंत वाटतं?"

"हो. चूक असेल तर समजावून सांगा."

निखिल टेबलाखालून माझा हात दाबत होता. मी सोडवून घेतला. डॉक्टरांनी फाइल पहिल्यापासून चाळली, डोळ्यांचं पुन्हा विचारलं, या वेळी मला. मग क्लोमिफीन बंद केली, आधी डोळे तपासून घ्या म्हणाले आणि पुढच्या पाळीपासून लेट्रोझोल लिहून दिली. "पीसीओएसमध्ये हल्ली हीच आधी देतात." मग मला का नाही दिली आधी?

रिक्षात निखिल म्हणाला, "एवढं बोलायची गरज होती?"

"होती."

या गोळीनेही मूल होईलच असं नाही. नाही झालं तर रडेन. पण माझ्या अंगात काय जाणार, ते यापुढे मला सांगूनच जाईल.