बघून शिकलेलं आईपण

अण्णा, उंदीर दिसला की तुम्ही चप्पल शोधायचात, तरी सुरुवात उंदरांपासूनच करते. मी आता एका प्रयोगशाळेत पांढरे उंदीर सांभाळते. पिल्लं न झालेली मादी बहुधा दुसरीच्या पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही. पण तिला लेकुरवाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, की ती लेकुरवाळीच तिला ढकलत घरट्यात नेते. मग बघून बघून हीसुद्धा बाहेर पडलेलं पिल्लू तोंडात धरून आत आणायला शिकते. बाळंतपणात, अंगावर पाजताना आईच्या मेंदूतल्या ज्या पेशी जाग्या होतात, त्याच हिच्याही मेंदूत नुसतं बघून जाग्या होतात. हे वाचलं आणि मला नाशिक रोडचं आपलं क्वार्टर आठवलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. धाकट्याच्या बाळंतपणात आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेराव्याला लासलगावची मावशी म्हणाली, "दाजी, पुरुषाच्या हातून तान्हं पोर वाढत नाय. मी नेते याला."

"दिवाळीपर्यंत थांबा," तुम्ही म्हणालात. "नाही जमलं तर न्या."

मग रोज सकाळी नोटांच्या प्रेसला कामाला जायच्या आधी तुम्ही शेजारच्या काकूंच्या मोरीच्या दाराशी उकिडवे बसता. काकू नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालतायत. कॉलनी हसते, तुम्हाला त्याचं काही नाही. एक दिवस काकूच वैतागल्या. "बघत काय बसलात भाऊ? या इकडं!" हाताला धरून त्यांनी तुम्हाला पाटावर बसवलं आणि धाकट्याला तुमच्या नडग्यांवर दिलं. काकू आधी पदर कमरेला खोचायच्या. तुम्ही तेही उचललंत. बनियनवर बसलेले तुम्ही, हात कमरेकडे जायचा आणि काही न सापडता परत यायचा. मी फिदीफिदी हसले. "हसतेस काय, पाणी कढत आहे, विसण घाल," तुम्ही ओरडलात.

दिवाळीत मावशी आली. धाकटा रडत होता. तिनं घेतला तर आणखीच किंचाळला. तुम्ही छातीशी धरलंत, तोंडानं च्-च् करत राहिलात, आणि तो गप्प झाला. त्याचे कपडे भरायला आणलेली पिशवी मावशीनं घडी करून ठेवली. तुम्ही चहा टाकलात.

प्रयोग माद्यांवरचे आहेत. नरांचं मला कोणी सांगायला नको.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. मला मुलगी झाली तेव्हा मी आईला आठवायला बसले, तर दर वेळी तुम्हीच आठवलात. आईचं वाईट वाटतं. पण फार नाही.